सुटी सीटीसी (पानं यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली) चहा पावडर: कपाबाहेर किती कामाची?

छोल्यांच्या रंगासाठी पैकीच्या पैकी गुण. पाव किलो भिजवलेल्या काबुली चण्यांना दोन चमचे पावडर मलमलच्या पुरचुंडीत घट्ट बांधून कुकरमध्ये टाका. दाणेदारच घ्या, डस्ट म्हणजे बारीक भुकटी कापडातून निसटते आणि रस्सा कडवट होतो.

मेंदीलाही हीच चालते. दोन कप पाण्यात तीन चमचे उकळून पाणी निम्मं करा, गाळून गार झाल्यावर लोखंडी कढईत शंभर ग्रॅम मेंदी भिजवा. चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळपट छटा देतं. स्टीलच्या भांड्यात ती येत नाही.

गुलाबाला चोथा घालताना मात्र दूध-साखर नीट धुवा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी ठरलेलीच. संगमरवर पुसायला? अजिबात नको, डाग पडतात.