डेंग्यूचं कॉम्बो कार्ड: आधी तापाचा दिवस विचारा

पावसाळा सरत आला की कोल्हापुरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंतच्या लॅबमध्ये डेंग्यू कॉम्बो कार्डांची पाकिटं सटासट फुटायला लागतात. रक्तातून डेंग्यू ओळखणाऱ्या या कार्डाच्या एका खिडकीत एनएस१, दुसरीत आयजीएम-आयजीजी या अँटीबॉडी, आणि वीस मिनिटांत उत्तर. वस्तू चांगली आहे. तक्रार आहे ती वापराबद्दल.

एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन. बाधित पेशी ते रक्तात सोडतात. तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत ते चांगलं सापडतं. आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसाआधी सहसा दिसत नाही. तोवर किल्ला लढवते ती उपजत प्रतिकारशक्ती. पेशीतले आरआयजी-आय आणि एमडीए५ हे पहारेकरी विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) ओळखतात, इंटरफेरॉन हे इशाऱ्याचं प्रथिन सुटतं आणि शेजारच्या पेशी सावध होतात. मग आरएनेज-एल हे एन्झाइम आरएनएचे तुकडे करतं, पीकेआर हे दुसरं एन्झाइम प्रथिनं बनणंच रोखतं. डेंग्यूही लबाड! त्याचं एनएस५ प्रथिन आपल्या पेशीतलं स्टॅट२ हे निरोप्या प्रथिन संपवायला लावतं, त्यामुळे इंटरफेरॉनचा निरोप पुढं जात नाही. या झटापटीची एकही रेघ कार्डावर उमटत नाही. तिचा थोडा माग सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लागतो, पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी नुसतं कार्ड करू नका, सोबत सीबीसी घ्याच.

आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर जुन्या अँटीबॉडी एनएस१ला चिकटतात आणि रेघ येत नाही. अशा वेळी आयजीजी लवकर चढलेली दिसते. 'निगेटिव्ह' म्हणून सुटका नाही.

आता हाताळणी. किट फ्रिजमधलं असेल तर अर्धा तास बाहेर ठेवावं. पाकीट नमुना तयार झाल्यावरच फोडावं. इथल्या पावसाळी हवेत उघडं कार्ड ओल धरतं. नेहमीच्या किटमध्ये एनएस१ला १०० मायक्रोलिटर म्हणजे ३ थेंब, तर आयजीएमच्या खाचेत फक्त १० मायक्रोलिटर आणि वर ४ थेंब बफर (किटसोबतचं द्रावण). घाईत दोन्हीकडे सारखेच थेंब पडले की पट्टी लाल राहते, रेघ वाचताच येत नाही. वाचन १५ ते २० मिनिटांत. तासाभरानं उमटलेली फिकट रेघ धरू नये. 'सी' म्हणजे कंट्रोलची रेघ नसेल तर कार्ड बाद.

आयजीएम जपानी मेंदूज्वरातही फसवू शकते, म्हणून शंका असेल तिथं एलायझा ही लॅबमधली अँटीबॉडी चाचणी करावी. चिकुनगुनियाला या कार्डाचा उपयोग शून्य.

प्लेटलेट अचानक घसरलेल्या दिसल्या तर आधी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत त्यांचे गठ्ठे झाले की मशीन कमी मोजतं. आणि ताप उतरला म्हणून तपासण्या थांबवू नका. रक्तातला द्रव झिरपायचा धोका नेमका तेव्हाच असतो. पुढचे दोन दिवस रोज सीबीसी करा. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) मूळ पातळीपेक्षा २० टक्के चढला, पोटात सतत दुखायला लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच दवाखाना गाठा.