एसक्यूलाइट: ‘चेक’ लावून भागवायचं की ‘स्ट्रिक्ट’ टेबल करायचं?

एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमध्ये वयाच्या कॉलमला ‘इंटिजर’ (पूर्णांक) म्हटलं, ‘वय शून्याहून जास्त’ असा चेकही (किंमत तपासणारी अट) लावला, तरी आत ‘माहीत नाही’ हा मजकूर खुशाल जाऊन बसला. एसक्यूलाइट बिघडलेलं नाही. साध्या टेबलात कॉलमचा प्रकार ही सक्ती नव्हे, नुसता कल: आकडा करता आला तर करायचा, नाहीतर आलं तसं ठेवायचं. त्यात मजकूर हा कुठल्याही आकड्याहून मोठाच धरला जातो, म्हणून चेकही पास! आणि वय नल, म्हणजे रिकामं, असेल तर तुलनाही नल. चेक अडवतो ते फक्त उत्तर ‘खोटं’ आलं तर.

चेकमध्येच ‘टाइपऑफ’ने प्रकार तपासला की मजकूर अडतो. पण मग नलही अडतो, कारण त्याचा प्रकार ‘नल’. रिकामं चालणार असेल तर तशी अट वेगळी लिहावी लागते. प्रत्येक कॉलमला हे करताना कुठेतरी विसरायला होतंच.

टेबल बनवताना लावायचा ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द एसक्यूलाइटच्या २०२१ च्या ३.३७.० आवृत्तीपासून आला; त्याने प्रकाराची सक्ती होते. चुकीचा प्रकार आला आणि योग्य प्रकारात बदलता आला नाही की थेट एरर. शिवाय प्रायमरी कीमध्ये (ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलममध्ये) नल शिरत नाही; साध्या टेबलात मजकुराच्या प्रायमरी कीला तो चालतो, हे अनेकांना पटत नाही. अडचण दोनच: ‘व्हारचार’, ‘डेट’, ‘बूलियन’ हे प्रकार इथे चालत नाहीत, आणि त्याआधीच्या आवृत्तीला ती फाइल वाचता येत नाही. फाइल जुन्या उपकरणांवरही उघडायची असेल तर चेकच बरा. नवं काम असेल तर मी डोळे झाकून स्ट्रिक्ट घेईन.

फॉरेन कीचं (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमचं) दुखणं मात्र दोन्हींनी बरं होत नाही. ती तपासणी सहसा मुळात बंदच असते आणि दर कनेक्शनला ‘प्राग्मा फॉरेन_कीज’ या आदेशाने चालू करावी लागते, ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) सुरू असताना हा आदेश काहीच करत नाही, तक्रारही नाही.

जुनं टेबल स्ट्रिक्ट करताना मात्र ही तपासणी चालू असणंच अंगाशी येतं. टेबल बदलणाऱ्या ‘ऑल्टर’ने ते होत नाही, नवं टेबल, डेटाची नक्कल, जुनं ड्रॉप (काढून टाकणं), मग नाव बदल. फॉरेन कीची तपासणी चालू असताना ड्रॉप केलं तर आधी सगळ्या ओळी डिलीट होतात, आणि ‘ऑन डिलीट कॅस्केड’ (मूळ ओळ गेली की तिच्याशी जोडलेल्याही काढा) असेल तर मुलांच्या, म्हणजे या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या, टेबलातल्या ओळीही पोरक्या होण्याऐवजी जातात. म्हणून ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी ती तपासणी बंद करा आणि कमिटच्या (बदल पक्के करण्याच्या) आधी तुटलेले दुवे शोधणारा ‘फॉरेन_की_चेक’ चालवा.