३५ सीसी पेट्रोल की १२ एस बॅटरी?

दोन मीटरच्या पुढच्या पंखाचं, रिमोटवर उडणारं विमान घ्यायचं ठरलं, मॉडेल निवडून झालं, की घोडं एकाच जागी अडतं: नाकात काय बसवायचं, ३५ सीसी पेट्रोल इंजिन की १२ एस, म्हणजे ओळीने जोडलेल्या १२ सेलच्या बॅटरीवर चालणारी मोटर? हल्ली बऱ्याच एआरएफमध्ये (जवळजवळ तयार येणाऱ्या किटमध्ये) दोन्हीची सोय करून दिलेली असते, त्यामुळे तो निर्णय किट काही करून देत नाही. इथे ८५ इंची पंखाचं, सहा-सात किलोचं विमान धरलं आहे. ताकदीची चर्चा करत नाही. या मापात दोघांकडेही ती गरजेपेक्षा जास्तच आहे.

बांधणीत बॅटरी सरस, हे आधीच कबूल केलेलं बरं. मोटर चार बोल्टवर बसते, ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) वारा लागेल एवढं पाहायचं, काउलमध्ये (नाकावरच्या झाकणात) गरम हवा बाहेर पडायची वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा मोठी कापायची, झालं. सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, तर बसल्या जागी जुळतो. ६ एस ५००० एमएएचचे दोन पॅक मिळून दीड किलोच्या आसपास भरतात. ते पाच सेंटीमीटर मागेपुढे केले की विमानाचा सीजी सेंटीमीटरभर हलतो. शिसं चिकटवायची वेळ सहसा येत नाही. थरथर नाही, त्यामुळे सर्व्हो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटर) आणि सांधे जास्त टिकतात. एवढंच की १२ एस जोडताना ठिणगी उडते, म्हणून अँटी-स्पार्क कनेक्टर हवाच. आणि बॅटरी जोडली की प्रॉपेलर कधीही फिरू शकतो असं धरूनच वागायचं. पेट्रोल इंजिन निदान आवाज करून सांगतं.

पेट्रोलला मात्र बांधणीत लाड लागतात. फायरवॉल, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं ती लाकडी भिंत, कारखान्यातून चिकटवून आलेली असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. आतल्या कडांना ३० मिनिटवाल्या इपॉक्सीचा जाड थर द्यावा, बाजूने लाकडी खुंट्या ठोकाव्यात आणि उघडं लाकूड पातळ इपॉक्सीने मढवावं, नाहीतर तेल मुरून प्लाय मऊ पडतो. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टला निळं थ्रेडलॉक, म्हणजे ते सैल होत नाहीत. टाकीला ग्लो (मिथेनॉलवरच्या) इंजिनाची सिलिकॉन नळी चालत नाही, पेट्रोलने ती फुगते. बुचही पेट्रोलचंच हवं. पितळी नळीच्या टोकाला सोल्डरची बारीक कडी करून वर तारेचा फास घातला की नळी निसटत नाही. क्लंक (टाकीच्या आत नळीच्या टोकाला लोंबणारं, इंधन ओढणारं वजन) फेल्टचा घेतला तर बुडबुडे कार्ब्युरेटरपर्यंत कमी पोचतात.

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती इग्निशनच्या बाबतीत. इग्निशन (इंजिनात ठिणगी पाडणारं सर्किट), त्याची बॅटरी आणि स्विच सगळं पुढे ठेवायचं. रिसीव्हर आणि त्याच्या तारा निदान ३० सेंटीमीटर लांब. थ्रॉटलचा दांडा नायलॉनचा. धातूचा दांडा घातला तर तो अँटेनासारखा ठिणगीचा गोंगाट थेट सर्व्होपर्यंत आणतो. ट्रान्समीटरवरून (हातातल्या रिमोटवरून) इग्निशन बंद करणारा किल स्विच ऐच्छिक समजू नका.

एवढा व्याप असूनही माझं पारडं पेट्रोलकडे झुकलं ते एकाच कटकटीमुळे: मैदानावरचं चार्जिंग.

हिशोब करून पाहा. १२ एस ५००० म्हणजे सुमारे २२२ वॉट-तास. पाच-सहा मिनिटं उडवून ८० टक्के वापरले, तर परत भरायचे साधारण १७८. चार्जरमधली गळती धरून गाडीच्या बॅटरीतून २०० च्या वर ओढले जातात, म्हणजे १२ व्होल्टवर १७-१८ अँपिअर-तास. गाडीची बॅटरी ४५ ची. दुसरा संच भरून होईपर्यंत तिचा बराचसा जीव गेलेला असतो, आणि संध्याकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट. आपली उडवायची ठिकाणं म्हणजे गावाबाहेरचं माळरान किंवा पीक काढलेलं शेत. तिथे वीज कुठली? जनरेटर नेता येतो, पण मग पेट्रोल बरोबर आलंच की! घरूनच चार संच भरून न्यायचे तर खर्च इंजिनाच्या वर जातो. शिवाय मे महिन्यात बंद गाडीत तापलेली लिपो (हीच लिथियम-पॉलिमर बॅटरी) फुगायला वेळ लागत नाही. वीज असलेलं मैदान हाताशी असेल तर हा अख्खा परिच्छेद सोडून द्या, तुमचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

पेट्रोलचं बरं असं, की ४०० मिलीच्या टाकीत आरामात १२ मिनिटं निघतात आणि दोन मिनिटांत पुन्हा तयार. मिश्रण ३०:१, म्हणजे लिटरला ३३ मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. चेतकच्या टाकीत ऑइल ओतलेल्या पिढीला हे शिकवायला नको, फक्त इथे ते जास्त लागतं. अडचणी आहेतच. पुष्कळ पंपांवर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये तसंच पडून राहिलं तर डायफ्राम कडक होतो.

ट्यूनिंगचा बाऊ जरा जास्तच केला जातो, असं मला वाटतं. कार्ब्युरेटरच्या दोन्ही सुया (कमी वेगाची एल, जास्त वेगाची एच) साधारण दीड फेरा मोकळ्या ठेवून सुरुवात करा. इंजिन गरम झाल्यावर आधी एल सुई: थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन अडखळून मरत असेल तर मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी), गुरगुरत चढत असेल तर ओलं (पेट्रोल जास्त). मग एच सुई: फुल थ्रॉटलला सर्वाधिक आरपीएम गाठा आणि तिथून सुई थोडी मोकळी करून २०० आरपीएम खाली या. आता दोघांनी विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करा, दहा सेकंद. आवाज बसला तर अजून कोरडं आहे. जमिनीवर सुरेल वाटणारं इंजिन चढताना बंद पडतं ते बहुधा यामुळेच.

पहिल्या उड्डाणाआधी रेंज चेक (रिमोटचा सिग्नल किती लांब पोचतो ते पाहणं) दोनदा: इंजिन बंद असताना आणि चालू असताना. अंतरात लक्षात येण्याजोगा फरक पडला तर त्या दिवशी उडवू नका, इग्निशनची मांडणी बघा. सीजी रिकाम्या टाकीने तपासा, कारण उतरताना टाकी रिकामीच असते. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या ड्रोन-नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हेही घरीच पाहून निघा. वर गेल्यावर आधी ट्रिम (हात न लावता सरळ उडेल असं जुळवणं), मग भरपूर उंचीवर थ्रॉटल खाली घेऊन विमान कुठे स्टॉल होतं, म्हणजे वेग कमी पडून पंख उचल सोडतात, ते पाहा, आणि आठव्या मिनिटाला खाली. पेट्रोलवाल्याने प्रत्येक फेरीत इंजिन आत्ता बंद पडलं तर कुठे उतरायचं ते मनात ठरवलेलं असावं. बॅटरीवाल्याला हा घोर कमी, त्याने टायमर लावला की भागतं.

उतरल्यावर टाकी उपसा, उरलेलं इंजिन चालवूनच संपवा. मफलरचे बोल्ट पहिल्या दिवशी हमखास सैल होतात. इंजिन थंड झालं की पाना लावून बघा.