राष्ट्रीय विमानसेवेने नऊ महिने प्रवास केल्यानंतर: सहप्रवाशांविषयीचा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांत कामानिमित्त महिन्याला दोन फेऱ्या, म्हणजे एकूण 36 उड्डाणे, मी राष्ट्रीय विमानसेवेने केली. विमानसेवेविषयी म्हणाल तर माझी फारशी तक्रार नाही. आसने बरी आहेत, उशीर अधूनमधून होतो, सामान एकदा मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी घरपोच आले. मला लिहायचे आहे ते आम्हा प्रवाशांच्या वागण्याविषयी, कारण विमानातून उतरताना मन प्रसन्न आहे की विटलेले, हे बहुतेक वेळा मागच्या-पुढच्या रांगेतल्या माणसांवर अवलंबून होते, असे आता मागे वळून पाहताना ठामपणे वाटते.

चौथ्या महिन्यातला एक प्रसंग सांगतो. संध्याकाळचे विमान उतरले, धावपट्टी सोडून वळले, आणि सीटबेल्टचा दिवा अजून लागलेला असताना माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरचा कप्पा उघडला. पाठीमागच्या छोट्या आसनावर पट्टे बांधून बसलेल्या कर्मचारी बाईंनी ध्वनिक्षेपकावरून दोनदा बसायला सांगितले. त्यांना स्वतःला त्या क्षणी उठता येत नाही, कारण विमान चालू असताना त्यांनीही बांधलेले असणे हाच नियम आहे. तेवढ्यात वैमानिकाने ब्रेक लावला. उभ्या गृहस्थांचा तोल गेला आणि कप्प्याच्या कडेला आलेली लॅपटॉपची बॅग पलीकडच्या आसनावर बसलेल्या एका आजींच्या खांद्यावर आदळली. आजी ओरडल्या नाहीत, नुसत्या खांदा धरून बसल्या. बाकीचे आम्ही सगळे गप्प होतो, आणि माझे स्वतःचे ते गप्प बसणे मला अजून बोचते. दार उघडायला त्यानंतर अकरा मिनिटे लागली, म्हणजे त्या घाईने कोणाचाही एक क्षणसुद्धा वाचला नव्हता.

उतरल्यावर विमान जमिनीवर ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाने सहज जात असते आणि समोर दुसरे विमान किंवा वाहन आले की त्याला झटक्याने थांबावे लागते. हे माहीत असूनही माणसे उठतात, कारण उठणे ही सवय झालेली आहे. हीच सवय संकटाच्या वेळी जिवावर बेतते, म्हणून मी तिच्याकडे निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही. 44 पेक्षा अधिक आसनांच्या विमानाला मान्यता देताना, निम्मेच दरवाजे वापरून सर्व माणसे 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात हे निर्मात्याला सिद्ध करून दाखवावे लागते. त्या चाचणीतली माणसे स्वतःची बॅग काढायला थांबत नाहीत. प्रत्यक्षात मात्र एका माणसाने कप्पा उघडला की त्याच्या मागची सगळी रांग अडते, आणि चाकांच्या बॅगेने दारातून खाली उतरण्यासाठी फुगवलेली घसरगुंडी फाटू शकते ते वेगळेच.

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांना प्राण गमवावे लागले, परंतु प्रवासी विमानातले सर्वच्या सर्व 379 जण जिवंत बाहेर आले. आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते आणि आतली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली होती, त्यामुळे कर्मचाऱ्यांनी हातातले भोंगे आणि स्वतःचा आवाज यांवर काम निभावले. प्रवाशांनी त्यांचे ऐकले आणि सामान जागच्या जागी सोडले. ती बातमी वाचल्यापासून मी पारपत्र, औषधे आणि फोन नेहमी अंगावरच्या खिशात ठेवतो, म्हणजे बॅगेचा मोह उरत नाही. एवढी एक गोष्ट या लेखातून कोणी उचलली तरी मला समाधान वाटेल.

राष्ट्रीय विमानसेवेचा एक स्वतंत्र विशेष मला जाणवला. खासगी कंपनीच्या विमानात गिऱ्हाईक म्हणून वागणारा माणूस इथे मालक म्हणून वागू लागतो. विमानसेवा आपली आहे ही भावना मुळात चांगली आहे. विमान देशाचे नाव घेऊन उतरते तेव्हा मलाही अभिमान वाटतो. पण "आमच्या पैशावर तुमचा पगार होतो" हे वाक्य मी नऊ महिन्यांत तीनदा ऐकले, आणि तिन्ही वेळा ते नियम सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला उद्देशून होते. चुटकी वाजवून बोलावणे, बोलावण्याचे बटण एकसारखे दाबत राहणे, मुलीच्या वयाच्या कर्मचाऱ्याला एकेरीत हाक मारणे, हेही पाहिले. ज्यांना आपण पाणी आणून देणारे समजतो, त्यांचे पहिले काम आग विझवणे, दरवाजा उघडणे आणि बेशुद्ध प्रवाशाला सांभाळणे हे आहे. पाणी देणे त्यानंतर येते. त्यांच्याशी "तुम्ही" म्हणून बोलावे, एवढी साधी अपेक्षा मी ठेवतो.

आसन मागे झुकवण्याच्या वादाविषयी मी थोडक्यात सांगतो. झुकवण्याचा हक्क आहे, पण आधी एकदा मागे वळून पाहावे; माझ्या मांडीवर पाण्याचा पेला दोनदा उपडा झाला तो केवळ या न पाहण्यामुळे. मधल्या आसनावर बसलेल्याला दोन्ही बाजूंचे हात टेकायला द्यावेत, कारण त्याला ना खिडकी आहे ना वाट. फोनवरचे चित्रपट कानात यंत्र न लावता मोठ्या आवाजात पाहणे मात्र मला कोणत्याही सबबीखाली मान्य होत नाही.

खिडकीच्या पडद्याचा अनुभव अधिक बोलका आहे. पहाटेच्या एका विमानात माझ्या शेजारचा तरुण पडदा ओढून झोपला होता आणि उतरण्यापूर्वी तो उघडायला सांगितल्यावर त्याने चक्क नकार दिला. आवाज चढू लागला. तेव्हा वयाने मोठे असलेले एक कर्मचारी आले, खाली वाकले आणि शांतपणे म्हणाले, "बाहेर आग असेल तर ती आधी दिसावी आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी, म्हणून उघडायला सांगतो." तरुणाने एक शब्द न बोलता पडदा वर केला आणि उतरेपर्यंत तो बाहेर बघत राहिला. त्या दिवशी मला कळले की आपली माणसे हट्टी असतात त्यापेक्षा अनभिज्ञ अधिक असतात. घोषणांमध्ये आज्ञा असते, कारण नसते, आणि कारण न सांगितलेली आज्ञा प्रौढ माणसाला अपमानासारखी वाटते. ही त्रुटी विमानसेवेची आहे आणि ती दूर करायला एक पैसा लागत नाही.

गैरवर्तन त्याही पुढे गेले तर काय होते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. 1963 च्या टोकियो करारानुसार विमानाच्या सुरक्षिततेसाठी किंवा आतली शिस्त राखण्यासाठी कप्तान एखाद्या प्रवाशाला बांधून ठेवू शकतो, वाटेत उतरवू शकतो आणि गुन्हा गंभीर असेल तर उतरलेल्या देशाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करू शकतो. अडचण अशी होती की खटल्याचा अधिकार मुख्यतः विमान ज्या देशात नोंदले आहे त्याच्याकडे असे, त्यामुळे अनेकदा दोषी प्रवासी विमानतळावरून सरळ घरी जाई. 2014 मध्ये माँट्रियल येथे झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार, ज्या देशांनी ती स्वीकारली आहे त्यांच्यापुरता, विमान उतरते त्या देशालाही दिला आणि ती 1 जानेवारी 2020 पासून लागू आहे. कायद्याची ही वेळ माझ्यासमोर एकदाही आली नाही, याचे श्रेय मी कर्मचाऱ्यांच्या संयमाला देतो. तो संयम मात्र कधीकधी अति होतो. वर सांगितलेल्या प्रसंगात त्या गृहस्थांना दार उघडल्यावर कोणीही थांबवले नाही. मी त्याच रात्री सविस्तर पत्र लिहिले, त्याला पोच आली, उत्तर आजवर आलेले नाही.

गेल्या महिन्यातल्या एका उड्डाणात मात्र वेगळे घडले. उतरण्यापूर्वी मुख्य कर्मचारी बाईंनी नेहमीची घोषणा संपवली आणि स्वतःच्या शब्दांत पुढे सांगितले, की विमान जागेवर उभे राहिले तरी दाराला जिना लागायला काही मिनिटे जातात, मधेच ब्रेक लागला तर वरून पडणारी बॅग लहान मुलाच्या डोक्यावर पडू शकते, आणि ज्यांना पुढचे विमान गाठायचे आहे त्यांनी हात वर करावा म्हणजे त्यांना आधी सोडता येईल. सहा हात वर गेले. विमान वळले, थांबले, पुन्हा थोडे पुढे सरकले. मी पुढच्या रांगा पाहत होतो. फक्त एक माणूस अर्धवट उठला आणि त्याच्या पत्नीने बाही धरून त्याला खाली बसवले. दिवा विझल्याची घंटी वाजली तेव्हा ते सहा जण पुढे गेले, आम्ही बाकीचे बसून राहिलो, आणि माझ्या शेजारच्या काकांनी मागच्या बाईंची जड पिशवी वरून काढून अलगद त्यांच्या हातात दिली.