तीन बहिणी आणि उसनी भाषा: ‘द सिस्टर्स’

यूनास हसेन खेमिरी यांची ‘द सिस्टर्स’ ही सहाशेहून अधिक पानांची कादंबरी मी यंदा श्रावणात, फोंड्यातल्या घरी, तीन आठवडे रोज थोडी थोडी वाचली. वडील ट्युनिशियाचे आणि आई स्वीडिश असलेल्या या लेखकाने ती आधी इंग्रजीत लिहिली आणि मग स्वतःच स्वीडिशमध्ये आणली. स्वीडिश आवृत्ती २०२३ साली आली आणि इंग्रजी २०२५ साली.

इना, एव्हलिन आणि अनास्तासिया मिक्कोला या बहिणींची आई ट्युनिशियाची, गालिचे विकणारी. घराण्याला शाप आहे, ज्यावर जीव जडेल ते हातचे जाईल, असे या घरात मानले जाते. बहिणींकडे लहानपणापासून ओढला गेलेला, त्यांच्यासारखाच अर्धा ट्युनिशियन असलेला, लेखकाच्याच नावाचा यूनास ही कथा सांगतो. पहिला भाग वर्षभराचा आहे, पुढचे भाग आखूड होत जातात आणि शेवटचा केवळ एका मिनिटाचा आहे. वय वाढेल तसे वर्ष लहान वाटू लागते, हा अनुभव लेखकाने मांडणीतच उतरवला आहे.

मला सर्वांत भावला तो अनास्तासियाचा ट्युनिसमधला भाग. आईच्या देशात ती अरबी शिकायला जाते आणि तिथे डॅफ्नीच्या प्रेमात पडते. जी भाषा घरात असायला हवी होती ती परक्यासारखी वर्गात बसून शिकावी लागणे, आणि नेमक्या त्याच दिवसांत मन गुंतणे, हे वाचताना मला आजोबांची पत्रे आठवली. ते मुंबईत नोकरीला होते. घरात सगळे कोंकणी बोलत, पण पत्र मराठीतच लिहायचे, ही आमच्याकडची रीत. ‘सौ. हिस अनेक आशीर्वाद’ या मायन्यानंतर भाताची लावणी, नारळांचा भाव, मुलांची फी, सगळे स्वच्छ मराठीत. आणि एका पत्राच्या तळाशी, शाई संपत आलेल्या टाकाने, एकच कोंकणी ओळ: ‘तुजो खूब उगडास येता’, म्हणजे तुझी खूप आठवण येते. माझ्या आजीने तेवढे एकच पत्र वेगळ्या पिशवीत ठेवले होते. आजोबांना जी गोष्ट सांगायला घरच्या बोलीकडे वळावे लागले, तीच सांगायला खेमिरी आईचीही नाही आणि वडिलांचीही नाही अशी भाषा निवडतात. या निवडीमुळे कादंबरीतल्या प्रेमाला एक प्रकारचे धैर्य आले आहे, असे माझे मत झाले.

खेमिरींच्या २००३ सालच्या पहिल्या कादंबरीतला किशोर मुद्दाम मोडकी स्वीडिश लिहितो. इथले इंग्रजी त्या मानाने सरळ, वेगवान आणि लांब वाक्यांचे आहे. मधल्या भागांत मात्र यूनासची स्वतःची कहाणी इतकी पसरते की बहिणी, विशेषतः एव्हलिन, बराच वेळ दृष्टीआड होतात. तिथली शंभरेक पाने कमी असती तर बरे झाले असते.

एवढ्या मोठ्या पुस्तकाला हात घालण्याआधी १९६४ साली ग्रीसहून स्वीडनला गेलेल्या थिओडोर कालिफातिदेस यांचे ‘अनदर लाइफ’ हे छोटे आत्मकथनपर पुस्तक वाचावे, असे मी सुचवेन. अनेक दशके स्वीडिशमध्ये लिहिल्यावर त्यांनी ते ग्रीकमध्ये लिहिले, आणि तिथून ‘द सिस्टर्स’कडे आले की अनास्तासियाचा अरबीचा वर्ग अधिक नीट कळतो.