थेट ‘ग्रीज’ की संकलित ‘हॅमिल्टन’? आधी काय पाहावं

ब्रॉडवेचं संगीत नाटक घरी बसून पाहायचं, तर दोन वाटा आहेत: टीव्हीवर थेट दाखवलेला प्रयोग, किंवा नाट्यगृहात चित्रित करून नंतर संकलित केलेला. दोन्हींचे उत्तम नमुने एकाच माणसाचे, एकाच वर्षातले आहेत. दिग्दर्शक टॉमस केल यांनी ३१ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीसाठी ‘ग्रीज: लाइव्ह’ (शाळकरी तरुणांच्या प्रेमाची गोष्ट) केलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये ‘हॅमिल्टन’ (अमेरिकेच्या एका संस्थापकाची रॅपमधून सांगितलेली गोष्ट) चित्रित केलं.

‘ग्रीज’चं संकलन प्रयोग चालू असतानाच झालं. कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा घ्यायचा याची आखणी तालमीत झालेली असते, पण प्रत्यक्षात ती एकदाच अमलात येते. केल यांच्या जोडीला थेट प्रक्षेपणाचे दिग्दर्शक अ‍ॅलेक्स रुडझिन्स्की होते. बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत एका सेटवरून दुसऱ्यावर जायला नटांना चक्क गोल्फ कार्ट होत्या. त्या दिवशी नेमका पाऊस आला. सुरुवातीचं गाणं छत्र्या घेऊन झालं, आणि मला तर ते त्यामुळेच जास्त आवडतं. प्रेक्षक सेटमध्येच बसवले होते. शाळेच्या व्यायामशाळेतल्या नाचाला त्यांचा गलका मिळतो आणि नाच पेटतो.

या गलक्याची किंमत कळायला २०१३ चं ‘द साउंड ऑफ म्युझिक लाइव्ह!’ आठवावं. अमेरिकेच्याच एनबीसी वाहिनीवर ते सुमारे १ कोटी ८६ लाख लोकांनी पाहिलं, पण स्टुडिओत प्रेक्षकच नव्हते. गाणं संपतं आणि नुसती शांतता. वन्स मोअरच्या परंपरेतल्या आपल्या कानांना ती फार खुपते. २०१८ च्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये एनबीसीनेच न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका आर्मरीत (जुन्या लष्करी इमारतीत) प्रेक्षकांना अगदी रंगमंचालगत उभं केलं, तेव्हा त्याच वाहिनीचा प्रयोग रसरशीत झाला.

‘हॅमिल्टन’ची रीत वेगळी. प्रेक्षकांसह दोन प्रयोग चित्रित केले. शिवाय काही गाणी रिकाम्या नाट्यगृहात, कॅमेरा थेट रंगमंचावर नेऊन पुन्हा घेतली. त्यामुळे हशा आणि टाळ्या खऱ्या, पण नजर मात्र कुठल्याही खुर्चीतून मिळणार नाही अशी. इंग्लंडचा राजा जॉर्ज झालेल्या जोनाथन ग्रॉफ यांच्या तोंडून उडणारी थुंकीसुद्धा दिसते! संकलनाला घाई नव्हती. डिस्ने प्लसवर ते आलं ३ जुलै २०२० ला. मूळ संचातले कलाकार तोवर कधीच पांगले होते, म्हणून हे चित्रण अधिकच मोलाचं.

पण ‘थेट’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१९ च्या ‘रेंट: लाइव्ह’च्या आदल्या दिवशी रंगीत तालमीत ब्रेनिन हंट यांचा पाय मोडला. मग टीव्हीवर बहुतेक भाग त्या तालमीच्या चित्रणाचाच दाखवला गेला. शेवटचा तुकडा तेवढा थेट.

प्रत्यक्ष हजर राहायची संधी मिळाली तर? थेट टीव्हीच्या प्रयोगात जाहिरातींसाठी गोष्ट वारंवार तुटते आणि समोरून कॅमेरे जातात, पण धावपळ डोळ्यांसमोर घडते. मी तीच निवडेन. नाट्यगृहातल्या चित्रणाच्या दिवशी नाटक सलग मिळतं, मात्र तसं ते एरवीच्या प्रयोगालाही मिळतंच.

घरी पाहायला मात्र आधी ‘हॅमिल्टन’, आणि तेही सबटायटल लावून. त्यातले शब्द इतक्या वेगाने येतात की इंग्रजी चांगलं असलं तरी ओळी निसटतात, आणि या नाटकाचा सगळा जीव ओळींत आहे. अवघं २ तास ४० मिनिटांचं आहे. मधल्यावेळी पडद्यावर एक मिनिटाचं मध्यंतर येतं, तेव्हा तेवढ्यावर न भागवता स्वतःच पॉज करून चहा करून घ्या. ‘ग्रीज’ नंतर, चार माणसं जमवून, आवाज मोठा करून पाहा.