हुकूमनामा झालेल्या कर्जदारासाठी ई-कोर्ट्स ॲप: काय दिसतं, काय निसटतं

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप वकिलांच्या फोनमध्ये असतंच. थकीत कर्जापोटी ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा (पैसे फेडायचा न्यायालयाचा निकाल, म्हणजेच डिक्री) झालाय, त्याच्या फोनमध्ये ते क्वचितच सापडतं, आणि खरी गरज त्यालाच असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या प्रकल्पाखाली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं हे ॲप फुकट आहे, आणि तालुका न्यायालयापासूनच्या नोंदी त्यात पाहता येतात. माहिती काढायला उत्तम, पण धोक्याची घंटा म्हणून कच्चं. त्यात नेमकं कुठे बघायचं हे माहीत नसेल तर ते चक्क खोटा दिलासा देतं.

सुरुवात सीएनआर क्रमांकापासून, म्हणजे प्रत्येक खटल्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकापासून. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो: आधी राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्रासाठी एमएच), मग जिल्ह्याची दोन, न्यायालयाचे दोन अंक, सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष. तो टाकला की पक्षकार, तारखा, दिलेले आदेश असं सगळं समोर येतं. याचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. वसुलीवाले व्हॉट्सॲपवर ‘कोर्टाची ऑर्डर’ पाठवतात, तिची शहानिशा इथे दोन मिनिटांत होते. क्रमांक टाकून काहीच आलं नाही, किंवा भलत्याच माणसाचा खटला आला, तर त्या कागदाने घाबरायचं कारण नाही. वकिलाची नोटीस किंवा दाखलपूर्व (खटला दाखल होण्याआधीच्या) लोकअदालतीचं बोलावणं म्हणजे निकाल नव्हे, हेही लक्षात असू द्या.

आता मुख्य अडचण. मूळ दाव्याचा निकाल लागला की ॲपमध्ये ‘केस डिस्पोज्ड’ असं दिसतं. कर्जदार ते वाचतो आणि प्रकरण मिटलं असं धरून चालतो. प्रत्यक्षात वसुली त्यानंतर सुरू होते. डिक्रीदार (ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला तो) अंमलबजावणीसाठी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करतो, आणि तिला नवा नंबर, नवा सीएनआर मिळतो. जुना दावा तुम्ही ‘माय केसेस’मध्ये जपून ठेवला असला तरी तिथे काहीही हलत नाही. दरखास्त वेगळी शोधावी लागते, आणि ती दाखल करायला डिक्रीदाराकडे बारा वर्षं असतात.

शोधायचं कसं? ‘पार्टी नेम’मध्ये जायचं, राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं, वर्ष टाकायचं आणि ‘पेंडिंग’ निवडायचं. हे वर्ष दरखास्तीचं, मूळ दाव्याचं नव्हे. म्हणजे निकालानंतरचं प्रत्येक वर्ष वेगळं तपासावं लागतं. नावं बहुधा रोमन लिपीत असतात आणि कारकून जसं लिहील तसं, त्यामुळे पूर्ण नाव टाकलंत तर हुकणार. किमान तीन अक्षरं लागतात, तेव्हा आडनावाची सुरुवातीची अक्षरं टाका. आडनाव फार सर्रास असेल तर सावकाराच्या किंवा कंपनीच्या नावाने शोधा. दरखास्तीत ती पहिली पक्षकार असते आणि तुम्ही समोरचे. प्रकाराच्या रकान्यात ‘दरखास्त’ किंवा ‘एक्झिक्युशन’ला जुळणारं काही दिसलं की तेच उघडा. हुकूमनामा एका गावचा आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर अंमलबजावणी तिकडे वर्ग होऊ शकते. अशा वेळी दोन्ही जिल्ह्यांत बघायचं. महिन्यातून एकदा हा फेरा पुरतो.

फेरा टाळू नये याला ठोस कारण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 22 प्रमाणे अंमलबजावणीआधीची नोटीस मुख्यतः निकालाला दोन वर्षं उलटून गेली असतील तेव्हा, किंवा वारसांविरुद्ध अंमलबजावणी असेल तेव्हा लागते. दोन वर्षांच्या आत दरखास्त आली तर पहिली बातमी थेट जप्तीचं वॉरंट घेऊन आलेला बेलीफ देऊ शकतो. ॲपमध्ये मात्र दरखास्त नोंदली की दिसते, आणि प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज उघडतं. तिथे ‘स्टेप्स’ असं असेल तर डिक्रीदाराने अजून पुढचं काही करायचं आहे. वॉरंटचा उल्लेख आला की वकील गाठा.

काय जप्त होतं आणि काय नाही, हे ॲप सांगत नाही. ते त्याच संहितेच्या कलम 60 मध्ये आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम यांना हात लागत नाही. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे 25,000 रुपये पगारावर 24,000 चा एक तृतीयांश, 8,000 रुपये महिन्याला कापले जाऊ शकतात. तेही कायमचे नाही. एकाच हुकूमनाम्यापोटी चोवीस महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार पूर्ण सुटतो. पगारपत्रक वाचून हिशेब कुणी करत नाही आणि पंचविसाव्या महिन्यातही कपात चालू राहते. कार्यालयाच्या लेखा विभागाला आणि न्यायालयाला तेव्हा लेखी अर्ज द्यावा लागतो.

अटकेची भीती घालणं हा वसुलीवाल्यांचा आवडता उद्योग. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करताच येत नाही (कलम 56). इतरांच्या बाबतीत 5,000 रुपयांहून मोठ्या रकमेसाठी दिवाणी तुरुंग जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. पण त्याआधी कारण विचारलं जातं, आणि ऐपत असूनही पैसे चुकवले, मालमत्ता लपवली, असं काही दिसावं लागतं. निव्वळ पैसे नाहीत म्हणून आत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय. उलट बाजूही सांगायला हवी: तुरुंगात जाऊन आल्याने कर्ज फिटत नाही. आणि कारण दाखवण्याच्या नोटिशीला गैरहजर राहिलात तर हा सगळा बचाव वाया जातो.

निकाल एकतर्फी, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत लागलेला, असेल तर ॲपची किंमत आणखी वाढते. निकालाच्या स्वरूपात ‘अनकंटेस्टेड’ किंवा ‘एक्स-पार्टे’ असं दिसलं, तर आदेश 9, नियम 13 खाली तो रद्द करायचा अर्ज तीस दिवसांत करता येतो. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर तीस दिवस निकालाची माहिती झाल्यापासून मोजतात. म्हणून जुन्या तारखा उघडून समन्स कसं बजावलं ते वाचा: हाती दिलं, दाराला चिकटवलं की वर्तमानपत्रात छापलं. अर्जाचा कणा तोच. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात न्यायालय बहुधा रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगतं.

ॲपवरून उतरवलेली निकालाची पीडीएफ वाचण्यापुरतीच. अपिलाला नक्कल विभागातून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. नकलेचा अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो, आणि त्या तारखा नकलेवरच नोंदलेल्या असतात. अर्ज जितका लवकर तितकं बरं.

पैसे भरण्याच्या बाबतीत ॲप पूर्ण मुकं आहे, आणि इथेच लोक सर्वाधिक पोळतात. डिक्रीदाराच्या माणसाला हातात दिलेली रोख रक्कम न्यायालयाच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखीच. रक्कम न्यायालयात भरा किंवा बँकेमार्फत द्या. बाहेर दिली असेल तर आदेश 21, नियम 2 प्रमाणे तीस दिवसांत तिची नोंद करून घ्यायचा अर्ज द्या. नोंद नसलेली रक्कम अंमलबजावणी करणारं न्यायालय धरत नाही, मग तेच पैसे पुन्हा भरायची वेळ येते. हप्ते हवे असतील तर निकालानंतर डिक्रीदाराची संमती लागते आणि अर्जाची मुदत तीसच दिवस. ती उलटली असली तरी दरखास्त चालू असताना लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथला निवाडा मात्र अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पेलतील तेवढेच हप्ते लिहून द्या.

ॲपमध्ये नाव सापडलं नाही म्हणजे निर्धास्त, असंही नाही. बँकेची 20 लाख रुपये किंवा त्याहून जास्तीची वसुली कर्जवसुली न्यायाधिकरणात चालते, त्याची नोंद वेगळ्या संकेतस्थळावर असते. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 खाली घेतलेला वसुली दाखला सहकार खात्याच्या निबंधकाकडून येतो, न्यायालयातून नव्हे. तोही इथे दिसणार नाही. लवादाचा निवाडा तर अंमलबजावणीसाठी न्यायालयात आल्यावरच दिसतो. चेक न वटल्याचा खटला दिसतो, पण तो फौजदारी खटला म्हणून नोंदलेला असतो.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी: ‘माय केसेस’मधली यादी फोनमध्येच राहते, फोन बदलण्याआधी ती एक्सपोर्ट करा. तारखा ताज्या दिसायला यादी रिफ्रेश करावी लागते. एक-दोन प्रकरणांसाठी पैसे घेणारी खासगी ट्रॅकिंग ॲप घ्यायची गरज नाही, मूळ माहिती हीच असते. फुकट वकिलासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि पूर्ण रक्कम फिटल्यावर ॲप लगेच काढून टाकू नका. पूर्ण वसुली झाल्याने दरखास्त निकाली निघाल्याचा आदेश चढेपर्यंत थांबा, त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या, जप्ती असेल तर ती उठवल्याचं पत्र बँकेला, मालकाला किंवा तलाठ्याला पोचवा. सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही.